खोडरबर, तीस रुपयांचा सेल आणि शाळेचे आठ संगणक

प्रत्येकाला कसला ना कसला नाद असतो. कुणी दर रविवारी सिंहगड चढतं, कुणी गॅलरीत मिरच्या लावतं, कुणी पहाटे पाचला उठून चौदा ग्रुपवर सुप्रभात पाठवतं. मला बंद पडलेले संगणक उघडायचा नाद आहे. नोकरी हिशेब खात्यातली, तिथे संगणकाशी संबंध एक्सेलपुरता. पण रात्री जेवणं झाली, भांडी आवरली की मी टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरतो आणि एखादं खोकं उघडून बसतो. स्क्रू ठेवायला आईचा जुना मिसळणाचा डबा घेतलाय. सात वाट्या, सात प्रकारचे स्क्रू, एकदम फिट्ट. घरात या सगळ्याला एकच शब्द आहे, भंगार. "तुझं भंगार आवर, सकाळी डबे भरायचेत" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याशिवाय झोप लागत नाही.

माल कुठून येतो? थोडा ओळखीपाळखीतून, थोडा पुण्याच्या जुन्या बाजारातून, जो बुधवारी आणि रविवारी भरतो. सुटे भाग तपकीर गल्लीत मिळतात. तिथला एक दुकानदार मला बघितलं की हसतो. "साहेब, डीडीआर-टू रॅम कोण वापरतं आता?" म्हणतो, आणि मग माळ्यावरून खोकं काढून देतोच.

यातली मजा नेमकी काय ते न करणाऱ्याला सांगणं अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. संगणक "मेला" म्हणून आणून दिला जातो. बटण दाबलं की पंखा फिरतो, पण पडदा काळा तो काळाच. आता करायचं काय, तर वायर काढायची, रॅमची पट्टी बाहेर काढायची आणि तिच्या सोनेरी पट्ट्या पोरांच्या खोडरबरने हलक्या हाताने पुसायच्या. परत बसवायची. माझ्याकडे आलेल्या काळ्या पडद्यांपैकी निम्मे तरी एवढ्यावर उठलेत. आपल्याकडची दमट हवा, धूळ, त्या पट्ट्यांवर थर बसतो, बस.

दुसरा माझा आवडता आजार म्हणजे तारखेचा. मदरबोर्डवर एक गोल चपटा सेल असतो, सीआर-२०३२. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला की संगणक दरवेळी सुरू होताना आपली तारीख पंधरा वर्षं मागे नेतो. मग ब्राउझरला वाटतं, या वेबसाइटचं प्रमाणपत्र तर अजून लागूच झालेलं नाही, आणि तो लाल अक्षरांत धोक्याचा इशारा देतो. माणसाला वाटतं व्हायरस आला, किंवा कुणीतरी हॅक केलं. बरं, कुणाकडे नेला तर तोही "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणतो. सेल तीस रुपयांचा असतो. दोन मिनिटांत बदलतो.

आणि तिसरं म्हणजे फिरणारी जुनी हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवणं. चार मिनिटं सुरू व्हायला घेणारं यंत्र पाऊण मिनिटात उभं राहतं. हे ज्याने पहिल्यांदा बघितलं त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. शेवटी चाचणी म्हणून मी त्यावर १९८९ चा प्रिन्स ऑफ पर्शिया चालवतो. त्याने काहीच सिद्ध होत नाही, पण तो माझा नैवेद्य आहे.

आता मुद्द्याकडे येतो, कारण हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला आधार देणं थांबवलं. म्हणजे त्याला सुरक्षेची नवी अपडेट मिळणं बंद. घरगुती वापरणाऱ्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची मुदतवाढ ठेवली. संगणक काही त्या दिवशी बंद पडले नाहीत. १५ तारखेला सकाळी बटण दाबल्यावर ते नेहमीसारखे सुरू झालेच. अडचण अशी की विंडोज ११ बसवायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. थोडक्यात, २०१६ साली घेतलेला, आजही ठणठणीत चालणारा संगणक कंपनीच्या लेखी बाद. आणि "अपडेट बंद झालं" याचं आपल्याकडे बाजारात भाषांतर झालं, "संगणक बंद झाला".

माझी मावसबहीण पुण्यापासून दीड-दोन तासांवर एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिचा फोन आला. "दादा, तू ते भंगार दुरुस्त करतोस ना? आमच्याकडे आठ आहेत." कुणीतरी विक्रेत्याकडचा माणूस येऊन गेला होता. विंडोज १० संपलं, आता हे चालणार नाहीत, असं सांगून आठ नव्या संगणकांचं कोटेशन ठेवून गेला. मुख्याध्यापकांनी जुन्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार केला होता. निर्लेखन म्हणजे जडसंग्रह नोंदवहीतून नाव कमी करणं. नव्यांना पैसे मिळतील की नाही ते माहीत नाही, पण जुने जाणार हे नक्की. मधल्या काळात पोरांनी काय करायचं? संगणकाच्या खोलीला कुलूप होतंच.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी जाऊन आम्ही सगळे उघडले. तिसऱ्या पिढीचे आय-थ्री, २ जीबी रॅम. एकात पालीची अंडी. दोघांची रॅम पुसल्यावर ते उठले. चौघांचा तो तीस रुपयांचा सेल संपलेला. एकाचा एसएमपीएस गेलेला, तो बदलला. आठव्याच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले होते, तो बाजूला ठेवला. म्हणजे जगातली सगळ्यात बलाढ्य कंपनी आधार काढून घेण्याच्या कितीतरी आधीपासून हे संगणक धूळ, सेल आणि पाल यांच्यामुळे बंद होते. विंडोज १० हे फक्त निमित्त.

सातांमध्ये एसएसडी टाकल्या, चौघांची रॅम वाढवली आणि लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती बसवली. लिबर ऑफिस त्यात येतंच. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड जोडला. शाळेत इंटरनेट वाऱ्यावर असतं, म्हणून कीविक्स टाकून त्यात अख्खा मराठी विकिपीडिया भरला. तो पेनड्राईव्हवर नेता येतो आणि नेट नसताना चालतो. सगळा खर्च त्या कोटेशनच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. तो गावातल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणीतून केला.

मुख्याध्यापक भला माणूस. त्यांचा प्रश्न मात्र रास्त होता. "सर, यातलं सॉफ्टवेअर बदललं आणि उद्या ऑडिटला विचारलं तर मी काय सांगू?" नोंदवहीत बघितलं तर नुसतं "संगणक संच, ८ नग" लिहिलेलं. शेवटी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घेतला, निर्लेखनाचा प्रस्ताव एका नगापुरता केला. ऑफिसातला एक लॅपटॉप विंडोजवरच ठेवला, कारण प्रिंटर आणि दोन-चार जुनी कामं लिनक्सवर रडतात. लिनक्स म्हणजे जादूची कांडी असं सांगणारे भक्त मला आवडत नाहीत. शिवाय जुन्यांना सोडून देणं तिथेही चालतंच. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली. फरक इतकाच की तिथे दुसरा पर्याय शोधायची मुभा असते.

मला या सगळ्यात खटकतं ते हे. संगणक विकत घ्यायला पैशाचं शीर्ष असतं. तो मोडीत काढायला नमुना ठरलेला असतो. मधल्या दहा वर्षांत तीस रुपयांचा सेल कुणी आणायचा, याला मात्र ना शीर्ष, ना माणूस. शाळेत संगणक नेऊन ठेवणं आपल्या देशाला १९८४ पासून जमतं. तेव्हा केंद्राच्या 'क्लास' योजनेत ब्रिटनचे बीबीसी मायक्रो आणले होते. ठेवलेला चालू राहणं ही वेगळी गोष्ट आहे. केरळने ती मनावर घेतली. २००१ साली आयटी ॲट स्कूल सुरू केलं, पुढे शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या, स्वतःची लिनक्स आवृत्ती बनवली, शिक्षकांना त्यात तयार केलं. २०१८ पासून 'लिटल काईट्स' नावाचे विद्यार्थ्यांचे क्लब आहेत, त्यात पोरं हार्डवेअरही शिकतात. आपली पोरं काय कमी आहेत का? आमच्या त्या शनिवारी सातवीतल्या एका मुलीने तिसऱ्या संगणकापासून माझ्या हातातलं खोडरबर काढून घेतलं ते शेवटपर्यंत दिलं नाही.

"मग टाकून द्या ना, रिसायकल होतं" असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. त्यात रिसायकलरबरोबर रिफर्बिशर, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा, हाही नोंदणीकृत घटक आहे. कागदावर जागा आहे. कचेऱ्यांमधून निघालेला माल प्रत्यक्षात कुठे जातो ते जुन्या बाजारात बुधवारी येऊन बघा.

तिथेच मला एकदा दीडशे रुपयांत एक हार्ड डिस्क मिळाली. घरी लावली तर आत एका पतसंस्थेचे कर्जाचे अर्ज, सह्या, फोटो, आधारच्या प्रती. कुणी पुसायची तसदीही घेतली नव्हती. आणि पुसली असती तरी साधं डिलीट किंवा झटपट फॉरमॅट केल्याने फाइल जात नाही, फक्त यादीतलं नाव जातं. फोटोरेकसारख्या फुकट प्रोग्रामने ती परत येते. मी त्या डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहिली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालाय. पण निर्लेखनाच्या कागदावर "डिस्क पुसली, सही" असा साधा रकाना मी अजून पाहिलेला नाही. ज्यांच्या कचेरीत या मार्चअखेर साफसफाई आहे त्यांनी निदान तेवढं करा. संगणक देताय तर द्या, पण आधी डिस्क काढा.

आठवा संगणक अजून शाळेतच आहे. तो पोरांनी मागून घेतलाय, उघडून बघायला. येत्या शनिवारी कपॅसिटर कसे काढायचे ते दाखवायला जाणार आहे. सोल्डरिंगची एक जास्तीची गन घेतली आहे. बाकीच्या तीन संगणकांची रॅम अजून २ जीबीच आहे. कुणाच्या ड्रॉवरमध्ये डीडीआर-थ्रीच्या पट्ट्या पडून असतील तर इनबॉक्समध्ये कळवा, मी येऊन घेऊन जाईन. डेस्कटॉपच्या हव्यात, लॅपटॉपच्या आखूड असतात, त्या बसत नाहीत.