ठासणीची बंदूक आणि नवी दुर्बीण

नातवाने नागपूरहून आणलेले खोके टेबलावर उघडले आणि आतली काळी, वीतभर लांबीची दुर्बीण आजोबांच्या हातात दिली.

"आजोबा, आता माशी दिसत नाही म्हणून कुरकुर करायची नाही. एवढी बंदुकीवर बसवा, की झाले!"

आजोबांनी दुर्बीण उलटीसुलटी करून पाहिली, काचांवर फुंकर मारली आणि म्हणाले, "बसवा म्हणायला सोपे आहे रे. बसवायची कशावर?"

प्रश्न उगाच केलेला नव्हता. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत त्यांची सारी नोकरी फिटर म्हणून गेली होती. 1904 मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याच्या भोंग्यावर शहरातल्या अनेक मराठी घरांचे घड्याळ चालत आले. बार उडाला की तोफेची नळी मागे सरकते, म्हणून नेम धरायचे यंत्र नळीवर नव्हे, न सरकणाऱ्या भागावर बसवतात, हे त्यांनी जन्मभर पाहिले होते. आणि इथे नातू सरळ नळीलाच भोके पाडायला सांगत होता!

बंदूक त्यांच्या वडिलांच्या वेळची. जबलपूरकर तिला भरमार म्हणतात, आपण ठासणीची. तोंडातून दारू ओतायची, वर गोळी सारायची, गजाने ठासायची, मागे टोपी चढवायची आणि चाप ओढायचा. 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकांच्या रक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. पाटणच्या बाजूला या कुटुंबाचे वाटाण्याचे शेत होते आणि जबलपूरचा वाटाणा जसा माणसांना आवडतो तसाच रानडुकरांनाही. एरवी नुसता हवेत बार काढून भागत असे. त्या वर्षी मात्र अर्धे रान उकरले गेले आणि मुलाने वनखात्याकडे रीतसर अर्ज केला. परवानगी आली असती, तर नेम चुकून चालणार नव्हते. जखमी डुक्कर पळत नाही, अंगावर येते.

आजोबांची अडचण डोळ्यांची होती. साध्या बंदुकीवर नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि लांबचे सावज अशा तीन अंतरांवरच्या तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. तरुण डोळा एकीवरून दुसरीवर झटकन जातो. वय झाले की माशी स्पष्ट दिसली तर सावज धूसर होते. दुर्बिणीत आडव्या-उभ्या रेघा आणि सावज एकाच पडद्यावर काढल्यासारखे दिसतात. नातवाचे चुकले नव्हते.

कल्पनाही नवी नव्हती. मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरी केलेल्या डेव्हिडसन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने बनवलेली दुर्बीण एकोणिसाव्या शतकात व्हिटवर्थच्या ठासणीच्या रायफलवर बसवली जाई, तीही वर नव्हे, डाव्या बाजूला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (1861 ते 1865) दक्षिणेकडच्या नेमबाजांनी ती वापरली. पण व्हिटवर्थच्या नळीचे भोक षट्कोनी आणि पीळदार असे. त्या पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरत, सरळ जाई.

आजोबांनी कपाटाचे कुलूप काढले. आधी टोपी नाही ना ते पाहिले, मग गज नळीत सोडून खूण केली आणि तो बाहेरून नळीला लावून पाहिला. गज तळापर्यंत गेला होता, म्हणजे आत बार नव्हता. (ही तपासणी न करता जुनी बंदूक हाताळणाऱ्याला घरात घेऊ नये.) नंतर त्यांनी टॉर्चचा झोत आत टाकला. नळी काचेसारखी गुळगुळीत होती. एकही आटा नाही.

"बघ. ही रायफल नाहीच. दुर्बिणीतून डुक्कर मोठे दिसेल, पण गोळी जायची तिकडेच जाईल."

"पण थोडा तरी फायदा होईलच ना?" नातू हटेना.

मग व्हर्नियर निघाला. बाहेरून नळी 25 मिलिमीटर, भोक साडेअठरा. म्हणजे पत्रा जेमतेम सव्वातीन मिलिमीटर, तोही भोक मधोमध असेल तर. जुन्या हातकामाच्या नळीत ते बाजूला सरकलेले असू शकते. एवढ्या पत्र्यात स्क्रूचे आटे पाडायचे! ड्रिल जरा खोल गेले की आरपार. मग बारातली आग तिथून बाहेर येईल किंवा त्या भोकाच्या खळग्यात धुमसती ठिणगी अडकून राहील आणि पुढच्या खेपेला वरून दारू ओतताच ती हातातच भडकेल.

आजींनी एवढेच ऐकले आणि स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अहो, ड्रिल मशीन आधी माळ्यावर ठेवा पाहू!"

माळ्यावर ठेवण्याचे आणखी एक कारण होते. परवाना बंदूक बाळगण्याचा होता, ती दुरुस्त करण्याचा नव्हे. कायद्याने हे काम परवानाधारक कारागिराचेच आहे. ज्या हातांनी तोफांचे भाग जुळवले, त्यांना घरच्या बंदुकीवर कानस चालवता येत नव्हती. आजोबांना हे थोडे लागले. दोन दिवस ते फारसे बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी बंदूक आणि परवाना घेऊन ते दुकानात गेले. कारागिराने दुर्बिणीकडे पाहिलेसुद्धा नाही. जुनी, बारीक झालेली पितळी माशी काढून त्याने जरा मोठी, पांढरी माशी बसवून दिली आणि बजावले, "बाबूजी, तीस कदम से आगे मत चलाना."

परवानगीचे पत्र येईपर्यंत वाटाण्याला शेंगा धरल्या होत्या. पौर्णिमेच्या रात्री आजोबा नातवाबरोबर मचाणावर चढले. बंदूक मांडीवर होती आणि दुर्बीण हातात. रात्री दीडच्या सुमारास नाल्याकडून काहीतरी हलले. नुसत्या डोळ्यांना ती अंधाराची ढेकळे वाटत होती. आजोबांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि बराच वेळ खाली घेतलीच नाही.

"किती आहेत, आजोबा?"

"एक मोठी आणि मागे सहा पिल्ले. साठ-सत्तर पावले तरी असतील."

"मग?"

"मग काय? डबा वाजव."