ओले फडके
आमची प्रीमियर पद्मिनी उन्हाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना हटकून बंद पडे. "इंजिनच बदला," असे एका कारागिराने सांगितले. वडिलांनी माझ्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे काढले. मात्र आधी शेजारच्या वृद्ध मिस्त्रींचा सल्ला घेतला.

"गार झाल्यावर चालू होते ना?" मिस्त्रींनी विचारले. "मग इंजिन निर्दोष आहे. त्याला लागून असलेल्या पंपात उष्णतेने पेट्रोलची वाफ होते. पंपाला वाफ पुढे ढकलता येत नाही आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. पंपावर ओले फडके ठेवा."

पुढच्या खेपेस तसे करताच थोड्या वेळाने गाडी सुरू झाली. पैसे पुन्हा पेटीत गेले.

आजही एखाद्या विद्यार्थ्याविषयी "याला जमणार नाही" असे कोणी म्हणाले, की मला ते ओले फडके आठवते.