सोळाव्या वर्षाचं लायसन्स, ११० सीसीची गाडी

दहावीचा निकाल लागला की आमच्या भागात पेढ्यांबरोबर स्कूटरच्या चाव्याही हातात पडतात. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "सोळा पूर्ण झाली, आता पोरीला गियरलेसचं लायसन्स काढून देऊ ना?"

मंडळी, सोळाव्या वर्षी मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या दुचाकीचं. शोरूममधल्या पेट्रोल स्कूटर बघा, बहुतेक ११० नाहीतर १२५ सीसीच्या. म्हणजे खिशात कार्ड असूनही पोरगी विनालायसन्सच! आणि अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच बघणार.

२०१९ मध्ये कायद्यात आलेलं कलम १९९-ए तर थेट पालकांवर येतं. अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. शिवाय त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

अठरा झाली की परिवहनच्या पोर्टलवर लर्निंग काढा. ते ६ महिने चालतं, पक्क्याची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. गियरची दुचाकी आणि कार हे दोन्ही प्रकार एकाच अर्जात टाका, परत खेटे नकोत.

तोवर क्लासला जायचं कसं, हा प्रश्न खराच आहे. आमच्याकडे बसचा भरवसा नाही आणि त्याबद्दल बोलायला कुणाला वेळ नाही. २५०वॅटपर्यंतच्या, ताशी २५ किमीच्या आतल्या बॅटरी स्कूटरला लायसन्स लागत नाही. पण घेताना कागद वाचा, वेग वाढवून देणारे दुकानदारही आहेत.