वनगंगेची बाग, इरकलचा पदर

घरातले माणूस गेले, की त्याचा एखादा फोटो मोठा करून घ्यायचा, फ्रेम करायची आणि चंदनाचा हार घालून बाहेरच्या खोलीत लावायचा, ही रीत बेळगावकडे काय नि धारवाडकडे काय, सारखीच. आमचे सासरे गेले तेव्हा मात्र सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अव्वांनी, ती मोडली. “हार हाकब्याडवा,” एवढेच त्या मला म्हणाल्या. फोटो म्हणून त्यांनी निवडला तो एका बागेचा. त्यात अप्पा आणि त्या पुलावर उभे आहेत, पण इतके लहान, की अनोळखी माणसाला तो नुसता तळ्याचा फोटो वाटावा.

ही बाग म्हणजे दादऱ्याची वनगंगा. वापीहून सिल्वासाला येताना वाटेत लागते. तळे, मधोमध बेट, बेटावर फुलझाडे, गवती छपराच्या झोपड्या आणि तिकडे नेणारे पूल. नोकरीमुळे आम्ही सिल्वासात राहतो. २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झालेले हे गाव आपल्याकडच्या जुन्या लोकांना त्या लढ्यात उतरलेल्या सुधीर फडक्यांमुळे ठाऊक असते. इथल्या बाजारात मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली बोली एकदम कानावर पडतात. कन्नड मात्र आमच्या घरातच. धारवाडचे घर विकून अव्वा-अप्पा आमच्याकडे आले, तेव्हा अव्वांना इथे काही करमेना. वनगंगा पाहून मात्र म्हणाल्या, “केरी भाळ छलो ऐती!” सिल्वासाबद्दल त्यांनी काढलेला तो पहिला चांगला शब्द.

फोटो मोठा केला तर चेहरे पुसट होत होते आणि हिरवा रंग आधीच पिवळट झाला होता. तेव्हा मी त्यावरून मिश्र माध्यमाचे चित्र करायचे ठरवले. मिश्र माध्यम म्हणजे रंगांच्या जोडीला कागद, कापड, दोरा, पाने असे जे जवळ असेल ते कॅनव्हासवर आणायचे. १९१२ साली पिकासोने चित्रात वेताच्या खुर्चीचा छाप असलेले मेणकापड चिकटवले आणि भोवती खरा दोर गुंडाळला. पण मला जवळची वाटते ती अठराव्या शतकातली इंग्लंडची मेरी डिलेनी. नवरा गेल्यानंतर, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तिने रंगीत कागदाचे बारीक तुकडे कातरून काळ्या कागदावर फुले चिकटवायला सुरुवात केली. नजर साथ देईनाशी होईपर्यंत जवळजवळ हजार फुले केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हे अव्वांना सांगितले तर त्या म्हणाल्या, “बहात्तर म्हणजे माझ्याहून लहानच की!”

अठरा बाय चोवीस इंचांचा कॅनव्हास घेतला. त्यावर जेसोचे दोन हात दिले आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने हलकेच घासला. मूळ फोटोला हात लावला नाही. त्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढली. रंग गेले, की गडद काय आणि उजळ काय ते चटकन कळते. मग झेरॉक्सवर पेन्सिलीने नको त्यावर फुल्या मारल्या. बोटी, कचऱ्याचा डबा, मागचे पर्यटक, सगळे गेले. तळ्याची कड, पूल, एक झाड आणि बेट उरले.

जमिनीसाठी गेरू घेतला. फेविकॉलच्या पाण्यात कालवला, की तो हाताला लागत नाही. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ हे तर इथल्या वारल्यांचे देणे. लग्नघरी सुवासिनी देवचौक काढतात, तो पालघट देवीचा. जिव्या सोमा मशे यांनी सत्तरच्या दशकात ही कला कागदावर आणून जगभर नेली. चौक हा त्यांच्या देवाचा, तो मी घेतला नाही. घेतली ती फक्त गेरूवरची पांढरी रेघ, गवतासाठी. तीही अॅक्रिलिकची, कारण इथल्या पावसात पिठाला बुरशी धरते.

पाण्यासाठी पॉलिएस्टरचे सूत वापरले. सिल्वासात सुताचे कारखाने पुष्कळ. कोनवर उरलेले चकचकीत सूत आडवे चिकटवले, की उन्हातल्या पाण्यासारखे दिसते. झाडासाठी पिंपळाची पाने तीन-चार आठवडे पाण्यात कुजवून त्यांची जाळी काढली.

राहिली ती दोघे. मला झेरॉक्समधून त्यांच्या आकृत्या कापून पुलावर लावायच्या होत्या. अव्वांनी नको म्हटले. “उन्हामुळे तोंड वाकडे केले आहे त्यांनी. तसे नव्हते ते,” म्हणाल्या. दोन दिवस काम तसेच पडून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी दाराआडची अप्पांची छत्री आणून माझ्यापुढे ठेवली. दोन काड्या मोडलेली, पण टाकू न दिलेली. फोटोत तीच छत्री अप्पांच्या बगलेत आहे. मग ट्रंकेतून इरकलचे लुगडे काढले. अंगाचे सूत विरून गेले होते, लाल पदर मात्र धड होता. कात्री मी हातात घेतली नाही. पदर त्यांनीच कापला, पांढऱ्या रेघा मोजून, सरळ.

त्या पदराचा पूल झाला. छत्रीचे कापड फेविकॉलला नीट धरत नाही, म्हणून दाभणाने भोके पाडून ते काळ्या दोऱ्याने शिवले. मिटलेली छत्री आता पुलाच्या कठड्याला टेकून उभी आहे. माणसे नाहीत.

बेटावर काय घ्यायचे, ते मात्र अव्वांनी मला विचारले नाही. फोटोत तिथे झोपडी आहे. त्यांनी इरकलच्या उरलेल्या तुकड्यावर कशिदा भरायला घेतला. अप्पा गेल्यापासून दोन वर्षांत त्यांनी सुई धरली नव्हती. आपल्याकडचा कशिदा काही छापून भरत नाहीत, कापडाचे धागे मोजून भरतात. एक धागा चुकला, की पुढची सगळी नक्षी सरकते. सुई ओवून द्यायला माझी मुलगी शेजारी बसायची. अव्वा “ओंद, यरड, मूर” मोजायच्या, तीही मोजायची. गवंतीचा टाका तिने तेव्हा पाहिला. जाताना एक घर सोडून टाका घालायचा आणि त्याच वाटेने परत येत सुटलेली घरे भरायची. गाठ मारायची नाही. कापड उलटले तरी नक्षी तीच.

आठ दिवसांनी तुकड्यावर तुळशी वृंदावन उमटले. मुलगी म्हणाली, “अज्जी, बागेत हे कुठे आहे?” अव्वा म्हणाल्या, “परसात होते.” धारवाडच्या घराच्या परसात, जे घर विकून ती दोघे इथे आली होती.

मला तोवर वाटत होते, की फोटोतून काय गाळायचे एवढेच ठरवायचे असते. फोटोत जे कधीच नव्हते त्यालाही कॅनव्हासवर जागा असते, हे मला अव्वांच्या त्या तुकड्याने दाखवले. कॅमेऱ्याला ती दोघे कुठे उभी आहेत एवढेच दिसले होते. कुठून आली होती, ते अव्वांनी भरले. वनगंगेच्या बेटावर आता धारवाडचे वृंदावन आहे आणि ते तिथे परके वाटत नाही.

कॅनव्हासच्या पाठीमागे तारीख आणि वापरलेल्या वस्तूंची यादी लिहिली आहे: गेरू, सूत, पिंपळाची पाने, इरकलचा पदर, छत्री. मी मराठीत लिहिली, अव्वांनी शेजारी कन्नडमध्ये. मुलीला कन्नड लिपी येत नाही. मराठी यादी झाकून दुसरी वाचायचा तिचा रोज प्रयत्न चालतो. काल ती ‘छत्री’पर्यंत पोचली.