उजेडाचा ठेका

मराठी शिकवणाऱ्या माणसाने मेंदूविषयी बोलू नये, असा एक संकेत आहे. आमच्या विषयात मान सगळा हृदयाला. परंतु माझ्याच डोक्याच्या मागच्या भागात काय चालते, हे मला कळले ते ग्रंथालयात नव्हे, मलकापूर-बुलढाणा एस.टी.त.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीची खरेदी मांडीवर घेऊन आम्ही परतत होतो. बारा वर्षांची कन्या खिडकीशी. सूर्य कलला होता आणि कडूनिंबांच्या रांगेआडून ऊन तिच्या तोंडावर पडत होते : ऊन, सावली, ऊन, सावली. “बाबा, कसंतरी होतंय,” ती म्हणाली आणि ताठ झाली. हातपाय झटके देऊ लागले. “फीट आली! वहाण हुंगवा पोरीले,” मागून कोणी ओरडले. आणि मी, एम.ए. झालेला गृहस्थ, पायातली वहाण काढून पोटच्या पोरीच्या नाकाशी धरून बसलो! दोन मिनिटांत ती आपली आपणच सावरली. श्रेय वहाणेला मिळाले.

घरी सांगितले, “उन्हाने घेरी आली.” शेजारच्या आजींना ते पटले नाही, त्यांनी सैलानीला न्यायला सुचवले. मी हसलो. कोणत्या तोंडाने हसलो, कोण जाणे! मुलीची जात, उद्या लग्नाचे पाहावे लागेल, या धाकाने मी गप्प बसलो. पुढल्या वर्षी गणपतीच्या मांडवात, लुकलुकणाऱ्या दिव्यांपुढे, ती पुन्हा कोसळली. तेव्हा कुठे अकोल्याच्या डॉक्टरांची पायरी चढलो.

त्यांनी तिच्या डोक्याला तारा लावल्या आणि समोर दिवा लुकलुकत ठेवला. दिवा सेकंदाला दहा वेळा लुकलुकला की डोक्याच्या मागच्या तारा दहा लाटा काढीत. बारा वेळा, तर बारा. डोळे पुढे, पण पाहणारा मेंदू मागे, मानेच्या वर. आणि तो उजेडाबरोबर असा ठेका धरतो. मी चकित झालो.

“हे तुमचंही होईल, माझंही,” डॉक्टर म्हणाले. “ठेका सगळेच मेंदू धरतात. हिच्या मेंदूला तो आवरता येत नाही, एवढंच.”

मग त्यांनी इतिहास सांगितला. जर्मनीत बर्गर यांनी १९२९ साली माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लाटांवरचा पहिला निबंध छापला. केंब्रिजला एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ साली त्या लाटा लुकलुकत्या उजेडामागून धावतात, हे दाखवले. एड्रियन यांनी तर स्वतःचेच डोके प्रयोगाला दिले. सेकंदाला १५ ते २५ लुकलुकी सर्वांत घातक. जपानात १६ डिसेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवरच्या एका कार्टून-मालिकेत लाल-निळा उजेड झपाट्याने लखलखला आणि ६५० हून अधिक जणांना, बहुतेक मुलांनाच, इस्पितळात न्यावे लागले. अपस्माराच्या शंभर रोग्यांत तीन ते पाच जणच असे उजेडाला हळवे असतात, आणि त्रास सुरू होतो तो बहुधा शाळकरी वयात.

त्यांनी गोळ्या दिल्या, जागरण वर्ज्य केले आणि एक युक्ती शिकवली : उजेड लुकलुकू लागला की तळहाताने एक डोळा घट्ट झाकायचा. नुसते डोळे मिटून भागत नाही. पापणीतून उजेड आत येतोच. एक डोळा झाकला की उजेडाचा मेंदूवरचा जोर कमी होतो. “आणि झटका आलाच,” ते म्हणाले, “तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांवर गेला तर इस्पितळ गाठा. हुंगवायचं काही नाही.” मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

परवा पुन्हा त्याच रस्त्याने येत होतो. मोताळा मागे पडले, झाडांआडून ऊन लुकलुकू लागले. कन्येने निमूटपणे उजवा डोळा झाकला. समोरच्या आजीबाई वळून म्हणाल्या, “डोळ्यात काही गेलं का वं माय?”

“कचरा गेला,” हे माझ्या ओठांवर आलेच होते.

“नाही आजी,” कन्या म्हणाली, “मला अपस्मार आहे. उजेड लुकलुकला की त्रास होतो.”

मी श्वास रोखला. आजीबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि आपले गाठोडे उचलले. “मंग उन्हात कायले बसली? इकडं ये, सावलीले.”

ती उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. घाट लागेपर्यंत दोघींच्या गप्पा चालल्या होत्या. मी खाली पाहिले. वहाणा पायांतच होत्या.