काचेचे भांडे

आमच्या डोंगरकड्यासारख्या गावी एखाद्याचे घर फुटले, तर सारे गाव चोराचा माग काढते, "घरात दागिने ठेवलेतच कशाला?" असे यजमानास कोणी विचारीत नाही. परंतु एखाद्या मुलीवर बळजबरी झाल्याचे कानी येताच प्रश्नांचे तोंड फिरते. ती तेथे गेलीच का, कोणत्या वेळी गेली, तिची वर्तणूक कशी होती! अब्रू म्हणजे काचेचे भांडे, असे वडीलधारी माणसे सांगतात. भांडे फोडणारा मात्र त्या बोलण्यातून सहीसलामत निसटतो. कपट इंद्राने करावे आणि शाप भोगून शिळा अहल्येने व्हावे, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहो.

हा दोष केवळ ओसरीवरचा असता, तर शिक्षणाने तो जाईल अशी आशा धरता आली असती. पण हल्लीच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथे १९७२ साली एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाल्याची फिर्याद झाली, तेव्हा काय घडले? सत्र न्यायालयाने १९७४ साली तिच्या पूर्वचारित्र्यावर बोट ठेवून दोघा पोलिसांना सोडले. नागपूर खंडपीठाने १९७६ साली, भयाने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे म्हणून त्यांस दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली तो निर्णय फिरविला. अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या, हे तेथे मोठे कारण ठरले. म्हणजे ओसरीवरचेच प्रश्न न्यायासनापर्यंत पोहोचले होते.

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चौघा कायदेपंडितांनी १९७९ साली सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा पालटला. कोठडीतील अत्याचारात संबंध सिद्ध झाल्यावर ‘माझी संमती नव्हती’ हे स्त्रीचे म्हणणे न्यायालयाने गृहीत धरावे, आणि तिचे नाव छापणे हा गुन्हा समजावा, असे ठरले. तिच्या चारित्र्यावरून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभा देणारे कलम २००३ साली गळले.

कायद्याने तिचे नाव झाकले, ते आमच्याच जिभेच्या भीतीने. परंतु कोणतीही मुलगी ठाण्याच्या आधी आपल्या घराच्या उंबरठ्यावर येते. तेथे "तू गेलीसच का?" हा पहिला प्रश्न तिच्या कानी पडला, तर पुढचा कोणताही कायदा तिच्या उपयोगी पडत नाही. "कोणी केले?" एवढेच विचारावयास आपण सुशिक्षित घरांनी तरी शिकले पाहिजे, असे आम्हांस वाटते.