निशि-कासाई

टोकियो शहराच्या पूर्वेस एदोगावा म्हणून एक विभाग आहे. तेथें चिरंजिवांचें बिऱ्हाड असल्यामुळें गतवर्षीं आम्हां उभयतांस तीन महिने राहण्याचा योग आला. घराजवळच्या स्टेशनाचें नांव निशि-कासाई. संस्कृतांत 'निशि' म्हणजे रात्रीं; जपानींत मात्र 'निशि' म्हणजे पश्चिम. कासाईच्या पश्चिमेचें तें निशि-कासाई, एवढाच तिकडचा अर्थ. परंतु चिरंजीव सकाळीं आठास बाहेर पडत ते रात्रीं दहास परतत. तेव्हां मला आमचा संस्कृत अर्थच अधिक समर्पक वाटे.

ही 'तोझाई' रेल्वे शहरांत भुयारांतून धांवते. इकडे मात्र ती खांबांवर चढते. येथील जमीन खाडीकांठची. जमिनीखालचें पाणी पूर्वीं बेसुमार उपसल्यामुळें ती खचली, आणि पुष्कळ भाग भरतीच्या पातळीहूनहि खालीं गेला. १९६९ सालीं रेल्वे आली तेव्हां हें स्टेशन नव्हतें. तें १ ऑक्टोबर १९७९ रोजीं उघडलें. रूळ वर आणि त्यांच्या सावलींत दुकानें. २००० सालाच्या सुमारास संगणकाच्या कामासाठीं आलेले आपले तरुण येथें राहूं लागले, कारण ओतेमाची, निहोम्बाशी या कचेऱ्यांच्या भागांत येथून गाडी न बदलतां सुमारें वीस मिनिटांत पोंचतां येतें. पुण्यांत शिकलेले श्री. योगेंद्र पुराणिक २०१९ सालीं एदोगावाच्या विभाग-सभेवर निवडूनहि आले.

मुलगा घरीं फारसा बोलत नाहीं, हें सौ.ला फार लागे. "एवढा समुद्र ओलांडून आलों, तें याचें मौन ऐकायला का?" असें ती एकदां म्हणाली. मलाहि तो जरा उद्धटपणाच वाटला. म्हणून एके सकाळीं हट्टानें मी त्याच्याबरोबर निघालों.

गाडी दहा डब्यांची. दर दोन-तीन मिनिटांस एक येते, तरी आंत शिरणें म्हणजे दिव्यच. एवढी माणसें, पण शब्द नाहीं! आमच्या शाळेंत तपासणीच्या दिवशींहि इतकी शांतता मीं पाहिली नव्हती. गाडी आराकावा नदीच्या लांब पुलावर आली. १९७८ सालीं याच पुलावर वावटळीनें गाडीचे डबे उलथले होते, हें आदल्या रात्रींच वाचलेलें. तें नेमकें तेव्हांच आठवलें. नदी रुंद, आणि ती माणसांनीं खोदलेली आहे, यावर विश्वास बसत नाहीं. पुढें गाडी एकदम भुयारांत शिरली आणि गर्दी आणखीच दाटली.

मुलानें दोन्ही हात दारावर टेकले आणि त्यांच्या मधोमध मला उभें केलें. पाठीवर लोकांचा भार घेऊन तो ओतेमाचीपर्यंत तसाच उभा होता. तो पांच वर्षांचा असतांना गणपतीच्या मिरवणुकींत मीं त्याला असाच कवेंत धरला होता.

उतरल्यावर त्यानें मला परतीच्या गाडींत बसवून दिलें. "बाबा, टी सोळा. पाटीवर तेवढा आंकडा पाहा," म्हणाला, आणि जिना चढूं लागला. वळून पाहण्यास त्याला सवड नव्हती.

त्या रात्रींहि त्यास दहा वाजले. सौ. कांहीं विचारणार, तोंच मी म्हटलें, "अगं, आधीं त्याला वाढ."